राखलेला हात

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कोणी निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत न भरता पाठवली की मी ती परत पाठवते, आणि सोबत फोनवर दोन शब्दही सुनावते. सव्वीस वर्षं कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, राहायला डोंबिवलीला. इतक्या वर्षांत लोकांनी मला पुष्कळ नावं ठेवली, पण माझ्या रिपोर्टला कोणी नाव ठेवलं नव्हतं. याचा मला अभिमान होता. 'होता' म्हणते, कारण आता जे सांगणार आहे ते त्या अभिमानाचंच आहे.

निळं झाकण म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी. त्या नळीत आधीच थोडं औषध असतं, त्यामुळे रक्त पातळ राहतं. आम्ही लॅबमध्ये त्यातलं वरचं पिवळं पाणी वेगळं करतो, त्यात दुसरं औषध घालतो, आणि ते गोठायला किती सेकंद लागले ते मशीन मोजतं. त्यावरून एक आकडा निघतो. त्याला आयएनआर म्हणतात. तुमचाआमचा आकडा साधारण एक. ज्याच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे, त्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आमच्या या पेशंटचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा होता. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरते. वर गेला तर कुठून रक्त वाहायला लागेल, सांगता येत नाही. आणि अशा माणसाच्या किडन्याही गेलेल्या असल्या की गोळीचा अंदाज आणखी बिघडतो. आज ठीक, पुढच्या आठवड्यात भलतंच. म्हणून दर आठवड्याला मोजायचं.

आंबिवलीच्या काकांचं असंच होतं. काका म्हणजे माझे कोणी नात्याचे नव्हेत. पेशंटच, पण तीन वर्षं दर बुधवारी भेटणाऱ्या माणसाला पेशंट कोण म्हणणार? कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते, तिथूनच रिटायर झाले. झडप बसवून अकरा वर्षं झाली होती, डायलिसिस सुरू होऊन तीन. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला कल्याणच्या डायलिसिस सेंटरमध्ये मशीन लागायचं. बुधवारी मी लॅबला जायच्या आधी तिथे जायचे, मशीन लागण्यापूर्वी त्यांचं रक्त काढायचे आणि नळी स्वतः घेऊन लॅबला यायचे. सेंटरमध्ये रक्त काढणारी माणसं आहेत, पण काकांची शीर सापडणं हे कोणाही येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं.

त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला होता. डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला जाड फुगवटा असतो तो. त्या हाताला डायलिसिसखेरीज कशासाठीही सुई लावायची नाही, ब्लड प्रेशरसुद्धा घ्यायचं नाही, असा दंडक आहे. राहिला उजवा हात. त्याच्या शिरा वर्षानुवर्षं टोचून टोचून खोल गेलेल्या. मी बोटांनी चाचपत पंजाच्या मागची एखादी शीर शोधायचे. सुई टेकायच्या आतच काका मोठ्यानं ओरडायचे, "आई गं!" अख्खं सेंटर बघायचं. मी म्हणायचे, "काका, अजून टोचलंही नाही." ते म्हणायचे, "मॅडम, कंपनीत पंपाचं ऑइल बघायचं तर आम्ही एक नट फिरवायचो. तुमचं खातं फार मागासलेलं." दर बुधवारी हाच खेळ. नवीन नर्स आली की दचकायची, बाकीचे हसायचे.

काकूही सोबत असायच्या. साताऱ्याकडच्या, बोलायला कमी. झडप बसवल्यापासून गोळी त्याच द्यायच्या. कधी अर्धी, कधी पाऊण, जशी डॉक्टर सांगतील तशी. गोळीचे तुकडे त्या सुपारीच्या अडकित्त्यानं करायच्या. त्यांचा तो अडकित्ता पितळी होता, सासूचा. एकदा मला त्यांनी पर्समधून काढून दाखवला होता, आणि गोळीचे दोन अर्धे तळहातावर ठेवून म्हणाल्या होत्या, "बघा ताई, कमी-जास्त वाटतंय का?" खरंच वाटत नव्हतं. ब्लेडनंसुद्धा मला तसं जमलं नसतं.

काकांना कमी ऐकू यायचं. तीस वर्षं पंपांच्या गडगडाटात काढलेली. पण ते सांगायचे की कंपनीत पंपाचं बेअरिंग बिघडलंय का हे ते ऐकूनच ओळखायचे. पेचकसाचं टोक चालू पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आत काय चाललंय ते सगळं कळतं म्हणे. मग काकूंकडे बोट करून म्हणायचे, "आता माझ्या व्हॉल्व्हचा पेचकस ही." धातूची झडप उघडताना-मिटताना टिक टिक वाजते. शांत खोलीत जवळ बसलं की ऐकू येते. काकांना स्वतःला ती कधीच ऐकू आली नाही. काकू अकरा वर्षं ऐकत होत्या.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी एका बुधवारी मला काकांची शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा मनगटाजवळ लागलं पण नळी भरता भरता शीर फुगली. काका त्या दिवशी ओरडले नाहीत, नुसते दात आवळून बसले. पुढच्या बुधवारी पाहिलं तर उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत काळानिळा. काकू म्हणाल्या, चार दिवस पाना धरता आला नाही. त्यांच्या सोसायटीत कुणाचा नळ गळला, कुणाचा मिक्सर बंद पडला की काकांना हाक मारायचे. डायलिसिसच्या मधल्या दिवशी त्यांचा वेळ त्यातच जायचा. त्या आठवड्यात शेजारणीचं शिलाई मशीन तसंच पडून राहिलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, स्वतःचासुद्धा. मी डायलिसिसच्या टेक्निशियनला गाठलं. हे गृहस्थ माझ्याच वयाचे, शांत, कामाला पक्के. त्यांना म्हटलं, "या माणसाच्या उजव्या हाताला आजपासून सुई लावायची नाही. तुम्ही मशीनसाठी फिस्टुलात सुई घालताच ना? तेव्हाच माझी नळी भरून ठेवा. आमचा माणूस दहाला येतो, त्याच्याबरोबर पाठवा."

ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम."

यात चूक काही नव्हती. मशीन सुरू व्हायच्या आधी, हेपारिन द्यायच्या आधी रक्त काढलं तर आकडा बरोबर येतो. हेपारिन म्हणजे मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून देतात ते इंजेक्शन. तेही रक्त पातळ करणारंच, फक्त गोळीपेक्षा वेगळं आणि चार-सहा तासांत उतरणारं. पहिले दोन आठवडे आकडे छान आले. मी घरून अर्धा तास उशिरा निघायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात नळी आमच्याकडे पोचली तेव्हा तिच्यात वाटेत बसलेला थर दिसत होता. सात वाजता भरलेली, साडेदहाला आली. खरं म्हणजे ही तपासणी तेवढ्या उशिरानं बिघडत नाही. पण मला स्वच्छ, ताजं काम लागतं. मी फोन उचलला आणि टेक्निशियनना झाडलं. "इथे शिळं सॅम्पल चालत नाही. मला फ्रेश पाहिजे. भाजी घेताना तरी कालची जुडी उचलता का तुम्ही?" आता लिहिताना हे वाक्य मला टोचतं. तेव्हा मी ते बोलून चहा प्यायले.

पुढच्या बुधवारी आकडा आला चार पूर्णांक नऊ.

मी मशीनवर पुन्हा लावलं. तेवढाच. डॉक्टरांना कळवलं. डॉक्टर म्हणजे ठाण्याचे हृदयाचे डॉक्टर, काका त्यांच्याकडे अकरा वर्षं जात होते. त्यांनी गोळी कमी केली. किडनी गेलेल्या माणसाला रक्तस्राव झाला तर आवरत नाही, डॉक्टर त्याला भिणारच. पुढच्या आठवड्यात आकडा पाच पूर्णांक दोन. गोळी तीन दिवस बंद, मग पाव. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार पूर्णांक सहा. गोळी पाववर आणलेली आणि आकडा उतरत नाही, म्हणजे काय? माझ्या डोक्यात एकच उत्तर. घरात कोणीतरी गोळी जास्त देतंय.

मी काकूंना फोन केला. "काकू, गोळी दोनदा तर जात नाही ना?"

"नाही हो ताई."

"मग पाव म्हणून अर्धी जात असेल. अडकित्त्यानं कुठे पाव होते? बारीक भुगा होतो. तुम्हाला आता दिसतं तरी का नीट?"

मग त्या म्हणाल्या, "दिसतं मला."

मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो ठाण्याला एका ऑफिसात नोकरीला. त्याला म्हटलं, "आईकडून गोळ्या काढून घ्या. वयाप्रमाणे होतं असं. रिपोर्ट खोटं बोलत नाही." त्यानं दुसऱ्याच दिवशी गोळ्यांचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला. सकाळी ऑफिसला निघताना तो स्वतः केमिस्टकडून आणलेल्या कटरनं गोळी तोडून वडलांना द्यायला लागला. अडकित्ता काकूंच्या पर्समध्येच राहिला असावा. मी विचारलं नाही. मला वाटलं, प्रश्न मिटला.

पण पुढचे दोन्ही बुधवार आकडा पुन्हा पाचच्या वर.

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, काकू एकट्या आमच्या लॅबमध्ये आल्या. आंबिवलीहून रिक्षा बदलत, उन्हाच्या. मी काउंटरवर होते. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "ताई, एक सांगायचंय. यांचा आवाज बसलाय."

"घसा धरलाय का?"

"घसा नव्हं. आतला आवाज. व्हॉल्व्हचा." त्यांनी काउंटरवरच्या स्टीलच्या पेल्यावर नखानं टिचकी मारली. "आधी असा यायचा. आता फडकं टाकून वाजवल्यासारखा येतोय. दुपारी झोपले की मी शेजारी बसून ऐकते. आठ-दहा दिवस झाले."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि रिपोर्ट काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हे बघा काकू, झडपेवर गुठळी धरायची तर आकडा खाली जायला हवा. काकांचा वर आहे. रक्त पाण्यासारखं पातळ आहे. गुठळी कशी धरेल?" त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना आकडे वाचता येत होते. "मुलाला सांगितलंत का?" मी विचारलं. "सांगितलं," त्या म्हणाल्या, "तो म्हणाला रिपोर्टमध्ये नाहीये." म्हणजे माझंच वाक्य. मी त्यांना समजावलं की काळजीनं कानाला भास होतात. त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर असेल." मला हे वाक्य आवडतं, लोक माझ्यावर विश्वास ठेवतात तेव्हा तेच म्हणतात. त्या दिवशीही आवडलं.

त्यानंतरच्या बुधवारी डायलिसिसच्या टेक्निशियनना सकाळी एकाच वेळी दोन पेशंटची गडबड झाली. काकांची दर महिन्याला होणारी वेगळी रक्ततपासणीही त्या दिवशी होती, पोटॅशियम वगैरे. त्यासाठी लाल झाकणाची साधी नळी लागते, तिच्यात काही औषध नसतं. रक्त त्यात पंधरा-वीस मिनिटांत आपोआप गोठतं, मग वरचं पाणी घ्यायचं. ती नळी ते एरवी मशीनच्या आधी काढायचे. त्या दिवशी राहिली, म्हणून निळी आणि लाल दोन्ही बरोबरच काढून पाठवल्या.

अकरा वाजले, लाल नळी तशीच. हलवली की आतलं रक्त इकडून तिकडे. साडेअकरा, तरी पातळ. माझा पहिला संशय नळ्यांवर गेला. पुरवठादाराला शिव्या घालत मी त्याच खोक्यातली दुसरी नळी घेतली आणि स्वतःच्या हातातून रक्त काढून तिच्यात भरलं. माझं रक्त दहा मिनिटांत घट्ट. नळी चांगली होती.

काकांचं रक्त अजून डुलत होतं. नुसत्या गोळीनं साध्या नळीतलं रक्त तासभर असं राहत नाही. हेपारिननं राहतं.

मी सेंटरला फोन लावला. "निळी नळी तुम्ही कधी भरता?"

"दहाला, मॅडम."

"दहाला? सातला नाही?"

"तुम्हीच बोललेलात ना, फ्रेश पाहिजे. तुमचा माणूस दहाला येतो, म्हणून मी त्याच्या आधी पाच मिनिटं काढतो. मशीनच्या पाइपातून. पेशंटला टोचावं पण लागत नाही." त्यांच्याही लक्षात आलं असणार. हळूच म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट मला पण कळत नव्हती. पाच आयएनआर असून यांच्या सुया काढल्यावर रक्त दहा मिनिटांत थांबतं. आधी अर्धा तास दाबून धरायला लागायचं. मी बोलणार होतो. पण तुम्ही रिपोर्ट देता म्हणजे..."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. मला हसू येण्यासारखं काही उरलं नव्हतं. हात वाचवा हे मी सांगितलं, ताजं द्या हेही मीच सांगितलं. त्या माणसानं दोन्ही गोष्टी इमानेइतबारे केल्या. सहा आठवडे मी मशीनमधलं हेपारिन मोजत होते आणि गोळीचा आकडा म्हणून सही करून पाठवत होते. आणि त्या आकड्याच्या भरवशावर गोळी पाववर आली होती.

लगेच जाऊन पुन्हा रक्त काढण्यात अर्थ नव्हता. मशीन चालू होतं, हेपारिन अंगभर होतं, कुठूनही काढलं तरी तेच येणार. खरा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळाला असता. मी ठाण्याला डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. बाई म्हणाल्या, डॉक्टर अँजिओग्राफीत आहेत, निरोप सांगा. निरोप काय सांगायचा? सहा रिपोर्ट चुकले, चूक माझी. मी म्हटलं, "काही नाही, उद्या करते." फोन ठेवताना मी स्वतःला बजावलं की आधी खात्री करावी, उगाच घबराट नको. खोटं होतं ते. मला लाज वाटत होती, एवढंच. काकू स्टीलच्या पेल्यावर टिचकी मारून गेल्या होत्या, तो आवाजही मला त्याच वेळी आठवला होता. तरी मी निरोप ठेवला नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला मी आंबिवलीला त्यांच्या घरी पोचले. दार काकूंनी उघडलं. काका पलंगावर बसून चहा पीत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि तेव्हा पाहिलं, की कप त्यांनी डाव्या हातात धरलाय. फिस्टुलाच्या हातानं ते काही उचलायचे नाहीत. इतक्या वर्षांची सवय होती त्यांची.

"उजव्या हाताला काय झालं, काका?"

"मुंग्या आल्यात सकाळपासून. अंगाखाली दबला असेल."

काकू म्हणाल्या, "दाढी करताना रेझर दोनदा पडला."

मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. जखमा केव्हाच भरल्या होत्या, शिरा दोन महिन्यांच्या विश्रांतीनं वर आल्या होत्या. इतकी सुरेख शीर मला त्या हातावर कधी दिसली नव्हती. मी पट्टा बांधला आणि सुई घातली. काका काकूंना साखर कमी पडल्याचं सांगत होते. ते सांगतच राहिले.

मी नळी भरली आणि त्याच मिनिटाला मुलाला हाक मारली. तो आतल्या खोलीत शर्टाची बटणं लावत होता. "गाडी बोलवा. आत्ता ठाण्याला न्यायचं. कारण वाटेत सांगते, फोनवर." डॉक्टरांच्या हॉस्पिटललाही फोन केला आणि या वेळी पूर्ण निरोप ठेवला, एक शब्द न गाळता. ते तिकडे निघाले, मी रिक्षानं लॅबला. आकडा आला एक पूर्णांक तीन. माझ्या रक्तापेक्षा थोडासाच जास्त. मी तो कळवला आणि अंगावर ॲप्रन तसाच ठेवून ठाण्याला गेले.

हृदयाच्या सोनोग्राफीत पडद्यावर दिसलं ते डॉक्टरांनी सांगितलं. झडपेच्या उघडमीट करणाऱ्या दोन पाळ्यांपैकी एक अडकली होती, तिच्यावर गुठळी होती. त्यातलाच एक बारीक कण सुटून मेंदूत गेला होता. त्यांनी उपचार सुरू केले. मी विचारलं, "काल दुपारी कळलं असतं तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." डॉक्टर चांगले आहेत. मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले, की खरंच सांगता येत नाही, हे मी अजूनही ठरवू शकलेली नाही.

आयसीयूबाहेर मुलगा आणि काकू बाकावर बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. नळी, पाइप, हेपारिन, ताजं सॅम्पल, माझा फोन, न ठेवलेला निरोप. मुलगा उठला. "मी आईला काय काय बोललो, माहितीये तुम्हाला? तिच्याकडून चावी काढून घेतली मी. तुमच्या एका फोनवर!" आजूबाजूचे बघायला लागले. मी मान खाली घातली. त्यानं आणखी बोलायला हवं होतं, पण त्याचा आवाज फुटला आणि तो खिडकीकडे गेला.

काकूंनी माझ्या ॲप्रनचं टोक धरलं. "म्हणजे ताई, मी गोळी बरोबर देत होते?"

"हो. एकदम बरोबर."

"कमी-जास्त नव्हती?"

"नव्हती, काकू."

"आणि आवाज?"

"आवाज खरंच बसला होता."

त्यांनी मान हलवली. मग त्या रडल्या, आणि मीही रडले, कुणाला दाखवायला नाही, आवरलंच नाही म्हणून. थोड्या वेळानं मुलगा परत आला. त्यानं खिशातून कपाटाची चावी काढली आणि आईच्या मुठीत दिली.

लॅबमध्ये मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना सगळं सांगितलं. सहाही रिपोर्टवर मीच शेरा लिहिला, नमुना हेपारिनमिश्रित, आकडा ग्राह्य धरू नये, आणि त्यांनी सही केली. डायलिसिस सेंटरच्या भिंतीवर आता कागद लावलाय, निळी नळी मशीनच्या आधी. अक्षर माझं आहे. टेक्निशियन अजून मला "तुम्ही चांगल्यासाठीच बोललेलात" म्हणतात. त्यांच्यावर मी पुन्हा आवाज चढवला नाही. इतरांवर चढवते, जित्याची खोड.

काकांची गुठळी औषधानं विरघळली. झडपेची अडकलेली पाळी मोकळी झाली. गोळी पुन्हा काकूच देतात, अडकित्त्यानंच. हाताला फिजिओथेरपी चालू आहे. मूठ मिटते, दार उघडता येतं, घास उचलता येतो. पण बोटांच्या टोकांना काही कळत नाही. पाना हातात धरलाय की नाही हे त्यांना बघितल्याशिवाय समजत नाही. शेजारणीचं शिलाई मशीन आता दुकानात जातं.

आकड्यासाठी मी दर गुरुवारी सकाळी आंबिवलीला जाते आणि उजव्या हातातूनच रक्त काढते. त्या हाताला आता राखायचं काही कारण नाही. आधी काकूंना विचारते, "आवाज?" त्या खुर्ची सरकवून काकांच्या छातीजवळ कान नेतात, घरातला पंखा बंद करायला लावतात, आणि सांगतात, "स्वच्छ आहे." मगच मी पिशवी उघडते.

काकांचा खेळ अजून चालू आहे. फक्त पूर्वी ते सुई टेकायच्या आधी ओरडायचे, आता माझ्या हाताकडे बघत बसतात, आणि सुई आत गेलेली दिसली की म्हणतात, "आई गं!" मी हसते. माझ्यासाठी म्हणतात, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असावं.

गेल्या गुरुवारी मी रक्त काढत असताना खाली भंगारवाल्यानं हाक मारली आणि काका खिडकीबाहेर बघायला लागले. सुई गेली, नळी खुणेपर्यंत भरली, सुई निघाली, मी कापूस दाबला आणि पट्टी चिकटवली. काका बाहेरच बघत होते. मग ते वळले, हातावरची पट्टी त्यांना दिसली, आणि घाईघाईनं म्हणाले, "आई गं!"